घेऊन जा, पण कुठं?

शालू,

तुझ्या फोटोचा फ्लेक्स लागलाय वं आपल्या गल्लीच्या तोंडाशी. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, वर तू, आणि खाली मंडळातल्या लोकांची नावं, तुझ्या नावापेक्षा मोठी. 'आपला परिसर स्वच्छ करणाऱ्या आदरणीय शालूताईंना भावपूर्ण श्रद्धांजली.' आणि फोटो कोणता निवडला माहीत आहे? सत्काराचा. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि तोंडावर ते तुझं हसू, जे हसू नव्हतंच. दाढ ठणकत असली की माणूस जसं तोंड करतो तसं. मी त्या दिवशी तुझ्या शेजारीच उभी होते. फोटोच्या कडेला माझं कोपर आलं आहे.

रविवारी तुझी शोकसभा आहे. मंडळाच्या वासुदेवरावांनी फोन केला, "मास्तरीणबाई, तुम्ही त्यांच्या जवळच्या. चार शब्द बोला. फक्त ते जरीपटक्याकडल्या वस्तीचं काही काढू नका. दुःखाच्या प्रसंगी कायले ते?" मी बरं म्हणून फोन ठेवला. इतका संताप मला तू गेल्याचाही आला नव्हता. ते 'तिकडलं' काढून टाकलं तर तुझ्यात उरतं काय? एक शाल आणि एक नारळ! म्हणून सभेआधी तुझ्याशीच बोलून घेते. तू म्हणशील, "झाली का मंदे तुझी पुस्तकातली मराठी सुरू?" हो, झाली. सारा जन्म शाळेत पोट्ट्यांची शुद्धलेखनं तपासण्यात गेला, आता कुठं बदलू?

धुराचे ते दिवस आठवतात का तुला? आपल्या प्रताप नगरच्या मागच्या अंगाला, लेआउट संपतं तिथल्या मोकळ्या प्लॉटवर घंटागाड्या कचरा ओतायच्या आणि संध्याकाळी तो कोणीतरी पेटवून द्यायचं. दोरीवरच्या कपड्यांना वास, भिजवलेल्या कणकेला वास. तू ऑफिसातून आलीस की खांद्यावरची पर्स न काढताच आधी खिडक्या लावत सुटायचीस. सगळे खोकत होते आणि कोणी बोलत नव्हतं. मग तूच बैठक बोलावलीस. कायदा काय म्हणतो, प्लास्टिक जाळलं की हवेत काय मिसळतं, सगळं वाचून आलीस. बैठकीला कोण? तू, मी, तुझे यजमान आणि वासुदेवराव, तेही चहा आहे म्हणून. ते म्हणाले, "शालूताई, सरकारी मामला आहे, आपण काय करणार?" पुढच्या वेळी तू परत बोलावलीस तर वासुदेवरावही फिरकले नाहीत.

तेवढ्यात पोळा तोंडावर आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात मारबतीची मिरवणूक पाहायला आपण दोघी नेमानं जायचो. बांबू-कागदाच्या त्या उंचच उंच मारबती, त्यांच्या मागं लोकांना छळणाऱ्या एकेका गोष्टीचा पुतळा, बडग्या, कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, आणि हजारो तोंडांतून एकच ओरड, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत!' शेवटी सगळं नेऊन जाळून टाकायचं. त्या वर्षी तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, "मंदे, आपण गल्लीचा बडग्या करू. धुराचा."

"तुले वेड लागलं का वं?"

"लागलं त लागलं. कायद्यानं येत नाही ना लोक, मग असे येतीन."

सीताबर्डीच्या फुटपाथवरून आपण पिवळं कापड आणलं. तू त्या कापडवाल्याशी इतकी घासाघीस केलीस की वैतागून त्यानं सगळा तागाच तुझ्या गळ्यात मारला. त्यातून बडग्याचा सदरा झाला, पगडी झाली, तरी कापड उरलंच. त्याची तू पुढं स्वतःच्या गादीला खोळ शिवलीस आणि येईल त्याला दाखवत सुटलीस, "पाहा, मी बडग्यावर झोपतो." तुझ्या हाताखालून काही वाया जाईल तर शप्पथ.

आणि लोक आले गं! अख्खी गल्ली आली. ज्यांना बैठकीला यायला गुडघे दुखत होते, ते वासुदेवराव बडग्याचा बांबू खांद्यावर घेऊन सर्वांत पुढं. बायांनी बडग्यावरून लिंबू-मिरच्या उतरवल्या. 'धूर-कचरा घेऊन जा गे मारबत' म्हणून गल्ली अशी गरजली की चौकातले ट्रॅफिकवालेसुद्धा हसत बाजूला झाले. मी थक्क होऊन पाहत होते. जी गोष्ट तू हवा, आरोग्य, हक्क असं म्हणून सांगत होतीस तेव्हा त्यांच्या कानांवरून गेली होती, ती आता त्यांच्या छातीला भिडली होती. कारण आता ते प्रदूषण नव्हतं. ती पिडा होती. घराला लागलेली, लेकराबाळांवरची, दारातल्या रांगोळीवरची. आपलं दार पवित्र राहिलं पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवायला लागत नव्हतं. तू मला डोळ्यानं खुणावलंस, पाहिलं का म्हणून. तुझ्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला फ्लेक्सवर हवा होता.

पुढचं सगळं भराभर झालं. फोटो पेपरात आला, नगरसेवक आले, अधिकारी आले आणि दिवाळीपर्यंत प्लॉट चकाचक. तुझा सत्कार. संत्रा बर्फीची खोकी. आणि तू, शाल अंगावर असताना, माइकसमोर नगरसेवकांना विचारलंस, "साहेब, मग कचरा आता कुठं जाते?"

ते हसून म्हणाले, "ताई, तुमच्याकडून गेला ना? आता तुम्ही टेन्शन नका घेऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाचा तो फोटो आहे, शालू. त्या टाळ्यांतला.

तुला कुठं राहवतंय! दुसऱ्या आठवड्यात मला स्कूटीवर मागं बसवून तू घंटागाडीच्या मागं निघालीस. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, दोन म्हाताऱ्या कचऱ्याच्या मागं लागल्या. छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत, मोठी गाडी पार उत्तरेला, जरीपटक्याचा बाजार ओलांडून, डांबर संपून कच्चा रस्ता लागला तिथवर. ढीग लांबूनच दिसला. आणि ढिगाला लागून टिनाच्या घरांची एक वस्ती. पहिल्याच घराच्या दारात एक बाई नाकाला पदर बांधून कोथिंबिरीच्या, आपल्या सांबाराच्या, जुड्या बांधत बसली होती. बाजारात विकायला. गिरजाबाई.

तिला वाटलं आपण सरकारी. "आल्या का पाहाले?" म्हणाली, पण पोरीला चहा टाकायला सांगितलाच. तू विचारलंस, हे कधीपासून? "दिवाळीच्या आगंमागं सुरू झालं. पयले जरासा होता. मग म्हणते कोण्या मोठ्या लोकाईच्या वस्तीतला आणला इथं. त्याईनं लय गोंधळ घातला म्हणे, वाजतगाजत."

तू कप खाली ठेवलास. मी पायानं तुझा पाय दाबला, गप्प बस म्हणून. तू कसली गप्प बसतेस. "आमचीच ते वस्ती," म्हणालीस. "मीच वाजवलं."

गिरजाबाईनं तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता ही उठून चार शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असं का. मंग चा त प्या, थंडा होऊन राहिला."

परत येताना तू बाजाराच्या अलीकडं गाडी थांबवलीस आणि हसायला लागलीस. मला भीतीच वाटली. म्हणालीस, "लहानपणी आमच्या गावाले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत शिवेपार नेऊन फेकत. एका वर्षी मी मागं मागं गेली पाहाले. शिवेवर जाऊन पाहतो त काय, पलीकडल्या गावानं त्याईची मारबत आमच्या बाजूले फेकली होती. आपण तिकडं, ते इकडं. दोनी गावं खुशीत घरी." हसता हसता तू डोळे पुसलेस. "मंदे, तिथं निदान दोनी गावं सारखीच होती वं. गिरजाबाई कोणाच्या शिवेत फेकीन?"

त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात एकच. गल्लीनं एकदा, फक्त एकदा, सगळ्यांनी मिळून गिरजाबाईच्या वस्तीत यायचं. तिच्या बाजूनं उभं राहायचं. तू दारोदार गेलीस. कोणी तुला वाईट बोललं नाही, हेच तर वाईट. सगळे चांगले लोक, देवभोळे, दानधर्म करणारे. उन्हाळ्यात पाणपोई चालवणारे. कोणी म्हणालं, आपण पडलो घरगुती माणसं. कोणी म्हणालं, त्यांच्यासाठी जुने कपडे, ब्लँकेटं देतो की. वासुदेवराव म्हणाले, "आपण आपलं दार स्वच्छ केलं, त्यांनी त्यांचं करावं. मेहनतीनं मिळते साऱ्याले." आणि वरून, "देवानं आपलं ऐकलं शालूताई, आता काहून त्याच्याच मागं लागता?"

मग पुढच्या पोळ्याला तू तुझा दुसरा बडग्या केलास. ती एक गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोर्चमध्ये पडदा लावून करत होतीस, मलाही दाखवला नाहीस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली जमली, तू पडदा काढलास आणि समोर कोण? आपणच. इस्त्रीचा शर्ट, मॉर्निंग वॉकचे पांढरे बूट, कपाळाला गंध, तोंडभर हसू, एका हातात पूजेचं ताट आणि दुसऱ्या हातात, पाठीमागं लपवलेली, काळी कचऱ्याची थैली. इतका हुबेहूब की मला फस्सकन हसू आलं. मी एकटीच हसले.

कोणी बांबूला हात लावला नाही. "हा काय फालतूपणा आहे?" "आमचाच बडग्या?" "देवाचं ताट कशाला त्यात?" पाच मिनिटांत गल्ली रिकामी. आपण दोघींनी उचलून पाहिला, तो हलेना. तुझे यजमान मदतीला आले, त्यांची कंबर धरली. शेवटी तो तुझ्या पोर्चमध्येच उभा राहिला, पावसात कागद गळून पडला, बांबू उघडे पडले, पांढरे बूट तेवढे शेवटपर्यंत नीट. लोक तुझ्या घरासमोरून जाताना दुसरीकडं पाहायला लागले. तुला हळदी-कुंकवाची बोलावणी येत राहिली, कारण आपली गल्ली रीतीभातीची आहे. पण तुझ्याशेजारची खुर्ची मी येईपर्यंत रिकामी असायची.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून माझ्याकडं तसंच पडून आहे. मी म्हणायची, "शालू, लोक आपल्यासाठीच उठतात. तुझ्या बडग्यानं ते एकदा उठले, हेच नवल. धूर गेला ना? ते कोणत्या कारणानं उठले त्याचा कायले विचार करतेस?" आणि तू मान हलवायचीस. "धूर जाते मंदे, कारण मागं राहते. मी त्याईले म्हटलं, तुमच्या दारातली पिडा घालवा. त्याईनं घालवली. मी असं कुठं म्हटलं का कोणाच्याच दारात नोको? मी चुकीचं कारण देलं लोकाईले."

"बरोबर कारण दिलं असतं तर कोणी आलं असतं का?"

यावर तू उठून चहा टाकायचीस. दर वेळी. मी जिंकायची आणि घरी येऊन मला जेवण जायचं नाही. अजूनही माझं म्हणणं तेच आहे, ऐकतेस ना? न्यायासाठी म्हणून हाक दिली तर आपल्या गल्लीतलं एक माणूस दार उघडणार नाही. घराच्या पवित्रपणासाठी दिली तर सगळे धावतात, आणि घाण शेजारच्याच्या अंगणात सारून हातपाय धुऊन जेवायला बसतात. दोन्हीकडून गिरजाबाई मरते. मला यातून वाट दिसत नाही. तुला दिसत होती का? की तूही नुसतीच चालत होतीस, बसवत नव्हतं म्हणून? तू एकटी जात राहिलीस. तिच्याबरोबर अर्ज घेऊन ऑफिसांत बसलीस, तिच्या नातवाला दवाखान्यात नेलंस. ढीग वाढतच गेला.

शेवटचं भेटलो त्या संध्याकाळी तू थकली होतीस. बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होतास आणि मीठ विसरली होतीस. मी म्हटलं, "सोड आता. तू तुझं केलंस." तू म्हणालीस, "मी माझंच केलं वं, तेच त झालं." मग म्हणालीस, "तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर सुचलं मले. उद्या सांगतो, आता झोप येऊन राहिली." आणि त्याच रात्री झोपेत गेलीस, त्या पिवळ्या खोळीच्या गादीवर. अगं, असं करतात का? एवढी वर्षं माझ्याशी भांडलीस, आणि उत्तर सुचलं तर घेऊन निघून गेलीस! मी भिंतीशी बोलते आता. भाजी चिरताना बोलते. सालं डब्यात टाकताना तुझा आवाज येतो, 'कुठं जाते हे?' तू माझं साधं केळ खाणंसुद्धा अवघड करून ठेवलंस, आणि त्यासाठी मी तुझी किती ऋणी आहे हे तुझ्या तोंडावर सांगायचं राहून गेलं.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलं नाही. सभेतही सांगणार नाही, माझ्यात तेवढा दम नाही.

गेलेल्या माणसाची गादी घरात ठेवत नाहीत. तुझ्या लेकानं, अनिकेतनं, रीतीप्रमाणे ती गुंडाळून फाटकाबाहेर ठेवली. बिचारा पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आला होता, त्याला काय कळणार. सकाळी घंटागाडी आली. मी माझ्या गॅलरीत उभी होते. वासुदेवराव स्वतः पुढं झाले, गाडीवाल्याच्या बरोबरीनं त्यांनी गादीचं एक टोक धरलं आणि वर टाकली. मग नळावर हात धुतले आणि तुझ्या घराकडं पाहून नमस्कार केला. मनापासून केला, मी पाहिलं. गाडी वळून गेली आणि मला एकदम सुचलं की ती कुठं जाते आहे.

मी रिक्षा केली. गिरजाबाईला तू गेल्याचं सांगायला तरी कोणीतरी जायलाच हवं होतं, असं मी स्वतःला सांगत होते. पण पोचायला दुसरा दिवस उजाडला होता, कारण आदल्या दिवशी अर्ध्या रस्त्यातून मी परत फिरले. गिरजाबाई दारातच होती, नाकाला पदर, पुढ्यात सांबार. "आज एकट्याच? त्या ताई कुठी?"

मी सांगितलं. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग ती म्हणाली, "तुमच्या तिकडून त्याच एक येत होत्या." आणि पदर नाकावरून डोळ्यांवर घेतला.

मी दुसरीकडं पाहिलं. समोर ढीग होता आणि त्याच्या या अंगाला, तिच्या दाराकडच्या अंगाला, पिवळी खोळ. अर्धी काळी पडलेली. आतला कापूस धुमसत होता, ज्वाळ नाही, नुसता धूर, आणि वारा सरळ घरात. गिरजाबाईला खोकला आला. पाणी पिऊन म्हणाली, "कोणाची त गादी होय. काल आणून टाकली. कापूस लवकर इझत नाही ना ताई, चार दिस धुपत राहते."

मी तिला सांगितलं नाही कोणाची ते. मी बसून राहिले, तिनं चहा केला, मी प्यायले, धुरात. डोळ्यांना पदर लावला तर तिला वाटलं धुरानं, आणि ती म्हणाली, "सवय नाही ना तुम्हाले."

रविवारी सगळे येतील, शालू. पांढरे कपडे घालून येतील, तुझ्या फोटोला हार घालतील, दोन मिनिटं शांत उभे राहतील. सगळी गल्ली. तुला हवी होती तशी, एकही जण मागं न राहता. फक्त तिकडं नाही, इथं, स्वच्छ जागेत. मी माइक हातात घेईन आणि मला काय बोलता येईल ते मला अजून माहीत नाही. माझ्या डोक्यात तीच एक ओरड घुमते आहे. घेऊन जा, घेऊन जा, म्हणून आपण किती जोरानं ओरडायचो ना वं. या वेळी आम्ही तुलेच पाठवलं.